पाळणाघर, पावसाळा आणि कापडी डायपर: अर्धा वेळ तरी जमेल का?

नाचणी_सत्त्व (रत्नागिरी)

लेक सात महिन्यांची. सव्वीस आठवड्यांची रजा आणि तिला जोडलेली बाकीची रजा, दोन्ही संपत आल्या. मृग आणि माझं बँकेत रुजू होणं एकाच आठवड्यात आलंय. २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी म्हणे, पण आमच्या शाखेत शिपाई धरून नऊ माणसं, तेव्हा तो विषयच नाही. घराजवळच्या एका काकूंच्या पाळणाघरात लेक जाणार आहे. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा.

आत्तापर्यंत दिवसा कापडी, रात्री आणि बाहेर जाताना डिस्पोजेबल असं बरं चाललं होतं. कापडी म्हणजे खोळीचे, आत इन्सर्ट, म्हणजे ओल शोषणाऱ्या पट्ट्या, सरकवायचे ते. आठ खोळी आहेत, इन्सर्ट पंधराएक, त्यातले बरेचसे बांबूचे. मे महिन्यात गच्चीवर टाकले की जेवणं उरकेपर्यंत कडकडीत वाळतात. जूनचा विचार केला की पोटात गोळा येतो. आमचा ब्लॉक तळमजल्यावर, पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम गाळतात.

काकू सरळ बोलणाऱ्या आहेत. "आण हो कापडी, पण मी एकही धुणार नाही, शी झालेलं असेल तर तसंच बांधून देईन," म्हणाल्या. त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्या मदतीच्या मावशींनी मात्र बटणं बघूनच तोंड फिरवलं. घरात सासूबाई म्हणतात, लंगोट काय वाईट होते. नवरा म्हणतो, करायचं तर पूर्ण कर, नाहीतर सोडून दे, हे अर्धं-अर्धं कशाला?

मला ते अर्धं-अर्धंच करायचं आहे. पाळणाघरात काय द्यावं, घरी काय ठेवावं, पावसात वाळवायचं कुठे आणि मावशींना पटवायचं कसं? कोकणात पावसाळा काढलेल्यांनी सांगा. पुण्यातल्या मैत्रिणी "बाल्कनीत टाक ना" म्हणतात, त्यांना कसं समजावू!

---

चिपळूणचा_बाबा

ताई, आमच्याकडे धुण्याचं खातं माझं, त्यामुळे वाळवण्यापुरतंच बोलतो.

बांबूचे इन्सर्ट जूनमध्ये माळ्यावर टाका. ते भरपूर शोषतात हे खरं, पण शोषलेलं सोडत नाहीत. आमच्याकडे जुलैत पंख्याखाली दोन-दोन दिवस दमट राहायचे आणि त्यांना कुबट वास यायचा. त्या मानाने मायक्रोफायबर पटकन वाळतं. फक्त ते कातडीला थेट लागू द्यायचं नाही, ओलावा खेचून कातडी कोरडी पाडतं. खोळीच्या आत ठेवायचं. आणि बाळ कुणाच्या मांडीवर दाबून बसलं की त्यातून पिळल्यासारखं बाहेर येतं, हेही लक्षात ठेवा.

मशीन सेमी-ऑटोमॅटिक असेल तर नशीबवान आहात. धुऊन झालं की इन्सर्ट ड्रायरच्या टबात टाकून फिरवायचे, बाहेर काढून झटकायचे, पुन्हा फिरवायचे. दुसऱ्या फेरीतही नळीतून बऱ्यापैकी पाणी येतं. फुल ऑटोमॅटिकला नुसतं स्पिन वेगळं लावता येतं. पाऊस लागला की लाईट जाणारच, म्हणून धुणं रात्री लावा आणि पंखा इन्व्हर्टरवर घ्या. घडीचा स्टँड भिंतीपासून हातभर पुढे, पंख्याच्या बरोबर खाली. दोरीवर टाकले तर एकाआड एक जागा सोडा.

वाळलंय की नाही हे बोटांना कळत नाही. इन्सर्ट गालाला लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे.

खोळीला बाहेरून जो प्लास्टिकसारखा थर असतो त्याला इस्त्री, उकळतं पाणी, गॅसची धग यातलं काहीही नको. साठ अंशांच्या वर तापलं की थर सुटायला लागतो, इलास्टिकही सैल पडतं. आणि वाळत घालताना खोळ इलास्टिकला धरून लोंबकळत ठेवू नका, दोरीवर आडवी टाका. खोळी तशाही लवकर वाळतात. सगळी रड इन्सर्टची.

---

पाळणाघरवाली_कुडाळ

नाचणीताई, मी गेली काही वर्षं कुडाळात पाळणाघर चालवते. तुझ्या काकूंची बाजू मला चांगलीच ठाऊक आहे, तेव्हा जरा लांबड लावते.

आमच्याकडे एका वेळी एक पोर झोपायला आलेलं असतं, दुसरं भरवायला बसलेलं, तिसऱ्याने नुकतंच कुणाचं तरी खेळणं ओढलेलं. त्यात डायपर बदलायला मावशींना मिळतात दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत त्यांना खोळ शोधायची, इन्सर्ट सारखा करून आत घालायचा, बटणांच्या रांगांतली बरोबर रांग ओळखायची असली की त्या वैतागणारच. आमच्या मावशींनी पहिल्यांदा एक उलटसुलट करून बघितला आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "बाई, ह्या बटणांतला माका कायएक समजणा नाय." आज त्याच मावशी नव्या आयांना शिकवतात. मधे काय झालं ते सांगते.

एका आईने घरूनच इन्सर्ट भरून, पुढच्या उंचीची बटणं लावून डायपर तयार आणले. कमरेची जी दोन बटणं तिच्या बाळाला बसतात त्यांच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपका ठिपक्याला लाव, झालं काम. मग एका संध्याकाळी न्यायला आली तेव्हा थांबली, मावशींसमोर स्वतःच्या बाळाला घालून दाखवला, आणि त्यांच्याकडून एकदा घालून घेतला. मांडीपाशी दोन बोटं सहज जातील इतका सैल, आणि कापडाची एकही कड बाहेर डोकावायला नको, नाहीतर तिथून ओल झबल्यावर उतरते. हे मला सांगून काही उपयोग नव्हता, मावशींनाच दाखवायला हवं होतं. बदलणाऱ्या त्या आहेत, मी नव्हे.

आता कुठल्या वेळेला काय. मी आयांना पहिलं विचारते, सकाळची शी घरी होते का? घरी होत असेल तर साडेनऊ ते दुपारची झोप हा तुझा कापडाचा वेळ. येताना एक घातलेला, पिशवीत दोन तयार. कापडी दोन-अडीच तासांनी बदलावाच लागतो, कोरडा वाटला तरी. झोपेला डिस्पोजेबल, कारण झोपेत मूल लांब पडतं, आणि ओलं लागून ते उठलं की त्याच्याबरोबर आणखी चार उठतात. हे मी माझ्या स्वार्थापायी सांगते. झोपेनंतर सहापर्यंत काय घालायचं ते मावशींवर सोड. त्या दिवशी पोरं कमी असतील तर कापडी घालतील, नसतील तर नाही. त्यावर हिशेब मागायचा नाही. एकदा मागितलास की दुसऱ्या दिवसापासून तुझी पिशवी उघडली जाणार नाही.

क्रीम. याने सगळं बिघडतं आणि कुणी सांगत नाही. झिंक ऑक्साइडचं पांढरं क्रीम किंवा पेट्रोलियम जेली चोपडून वर कापडी घातला की ते कापडात बसतं आणि कापड पाणी प्यायचं बंद होतं. मग आई म्हणते पाळणाघरात नीट घालत नाहीत, आम्ही म्हणतो डायपरच भिकार. क्रीम लागणारच असेल तर आत जुन्या सुती साडीचा एक तुकडा टाकून दे आणि मावशींना सांग. धुताना ते सुगंधी सॉफ्टनर घालतात ना, त्यानेही हेच होतं. साधी पावडर बेताची घाल, आणि खळबळून धू.

पिशव्या दोन. कोरड्यांची वेगळी, ओल्यांची आतून जलरोधक, चेनची. दोन्हीवर नाव. कॅरीबॅगला घट्ट गाठ मारून दिवसभर ठेवलेला ओला डायपर संध्याकाळी उघडला की डोळ्यांत पाणी येतं, तो अमोनियाचा वास. घरी गेल्या गेल्या चेन उघडायची, आधी गार पाण्यातून काढायचे, धुणं भले रात्री. शीचा असेल तर गारच पाणी, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. शी संडासात झटकायची. आत टाकायचे ते पातळ लायनर मिळतात, त्यांच्या पाकिटावर संडासात टाकता येतील असं लिहिलेलं असलं तरी टाकू नकोस. आपल्याकडे सगळ्यांच्या टाक्या आणि शोषखड्डे. टाकी तुंबली की उपसणाऱ्याला बोलवायला भर पावसात कुठे धावशील?

आणि कापडी आणू नको असं म्हणण्यात आमचाही फारसा फायदा नाही, हे तुझ्या काकूंना हळूच सांग. घनकचऱ्याच्या नियमांत वापरलेलं डायपर नीट गुंडाळून द्यायचं म्हटलंय. आम्ही तसं देतो. पण पावसाळ्यात गाडी चुकली की ते गाठोडं मागच्या दारी पडून राहतं आणि त्याला शिजल्यासारखा वास सुटतो. गावाकडे तर गाडीच नाही. मग ती फुगलेली लिबलिबीत डायपरं पऱ्यात, ओढ्यात जातात नाहीतर जाळतात, दोन्ही वाईटच. दिवसाकाठी दोन जरी कमी झाली तरी माझ्या मागच्या दाराला बरं.

एक मात्र ऐक. रुजू होण्याच्या आठवड्यात पाळणाघरात कापडी सुरू करू नकोस. पोर रडणार, तू रडणार, मावशींना त्याच वेळी बटणं नकोत. आधी ती रुळू दे, निदान पंधरवडा सगळं डिस्पोजेबल दे. घरी तुझं चालू ठेव.

---

हर्णैची_आजी

सगळं वाचलं. नातीने फोनवर टाईप करायला शिकवलंय, चुका पोटात घाला.

अगं बाय, इतकं महागाचं कशाला घेता आत घालायला? तुमच्या खोळी घ्या, त्या चांगल्या आहेत, ओल बाहेर येत नाही, आमच्या वेळी असत्या तर मांड्या भिजल्या नसत्या. आत मात्र जुन्या धोतराचा चौकोन घाला. दीड हाताचा चौकोन, आधी चौघडी, मग तीन घड्या. तुमच्या इन्सर्टएवढीच पट्टी होते, मी लेकीच्या डायपरवर ठेवून बघितली आहे. तुमचा इन्सर्ट शिवलेला, सगळे थर एकावर एक, तो पावसात वाळायचा कसा? चौकोन उलगडला की एकेरी कापड. पडवीत वाऱ्यावर टाकला तर धो धो पावसातही तासा-दोन तासांत आंबट ओला राहील, मग वरून इस्त्री फिरवायची. कापडाला इस्त्री चालते, खोळीला नाही असं ते चिपळूणचे म्हणालेच.

आम्ही बाळोती शेगडीवर डालं पालथं घालून वाळवायचो. खाली निखाऱ्यावर चिमूटभर ओवा, वावडिंग. कपड्यांना वास छान यायचा. पण समोर बसून राहावं लागे, ठिणगी उडाली की भोक. नोकरी करून हे नको करूस. सासूबाई घरी असतील आणि त्यांना हौस असेल तर करू देत, पण धुराच्या खोलीत बाळ नको.

पाण्याचं कुणी बोललं नाही. आमची विहीर समुद्राजवळ, एप्रिल-मे मध्ये पाणी मचूळ होतं, साबणाला फेस येत नाही. मग माणूस पावडर वाढवतो आणि ती कापडात बसते, पोरांचं ढुंगण लाल होतं. मचूळ पाण्यात धुतलंत तरी शेवटचं पाणी नळाचं घ्या. पाऊस लागला की उलट. पहिले काही पाऊस कौलं धुऊन जाऊ देत, मग पागोळ्यांखाली घंगाळ लावा. त्या पाण्याला फेसच फेस, निम्मी पावडर पुरते.

डागांचं मनावर घेऊ नका. लेक नाचणी खायला लागली असेल, डाग पडणार. स्वच्छ धुतलेला डाग काही बाधत नाही. गणपतीनंतर ऊन पडलं की ओले करून उन्हात टाका, जातात.

---

अलिबाग_अपडाऊन

मी थोडं वेगळं सांगते. मी मुंबईला अपडाऊन करते. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद, मग भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. घरी यायला साडेसात होतात. पाळणाघरात कापडी द्यायचं मी सोडून दिलं, सरळ डिस्पोजेबलचं पाकीट देऊन टाकते. कापडी फक्त घरी आल्यापासून झोपेपर्यंत आणि रविवारी. चार खोळी पुरतात, त्यामुळे पावसातसुद्धा धुण्याचा डोंगर होत नाही.

तुमच्या नवऱ्याला सांगा, रोज दोन कापडी म्हणजे महिन्याला साठ डिस्पोजेबल वाचली. एक साधारण दहा रुपयांचं धरलं तरी सहाशे रुपये. अर्धं-अर्धं म्हणून नाक मुरडणाऱ्याने आधी ते साठ घरातून गुंडाळून बाहेर नेऊन टाकायचं काम करावं.

आणि हो, दिवसभर ऑफिसात घरच्या धुण्याची काळजी करत बसायचं असेल तर त्यापेक्षा पाकीट बरं.

---

नाचणी_सत्त्व

काय लिहू, एवढं कुणी समोर बसूनही सांगत नाही. आजी, तुमच्या एका वाक्यावर घरात हशा झाला. सासूबाई म्हणतात, "मी हेच तर सांगत होते."

ठरवलंय ते असं. जूनभर पाळणाघरात डिस्पोजेबल. घरी संध्याकाळी खोळ आणि आत चौकोन. बांबूचे इन्सर्ट ऑक्टोबरपर्यंत माळ्यावर. जुलैत मावशींना दाखवायला जाईन, नेलपॉलिश आजच लावून टाकलं. नवऱ्याने ड्रायर दोनदा फिरवून बघितला, नळीतून खरंच पाणी आलं, आणि तेव्हापासून धुण्यात त्याला भलताच रस आलाय.

एक शंका राहिली. काल मांडीच्या घडीत लाल दिसतंय. आधीही व्हायचं, पण एका दिवसात जायचं. या वेळी कडेला बारीक बारीक ठिपके पण आहेत. कापडी चालू ठेवू का?

---

पाळणाघरवाली_कुडाळ

आज नको ठेवूस. नुसतं ओलीने लाल होतं ते बहुतेक फुगीर भागावर, घडी वाचते. घडीतच लालभडक आणि कडेला सुटे ठिपके असले तर बुरशी असू शकते. दमट हवेत आमच्याकडे दर पावसाळ्यात एखाद्या पोराला होतं. बालरोगतज्ज्ञांना दाखव, मनाने क्रीम नको, पावडर तर अजिबात नको. औषध चालू असेतो दर बदलीला धुऊन, टिपून, थोडा वेळ उघडं ठेव. आणि आधी वापरलेले इन्सर्ट सगळे पुन्हा एकदा धुऊन पूर्ण वाळव. ते गालाला लावून बघायचं खरंच चांगलं आहे, मी पण मावशींना सांगितलं.

काकूंना आधीच कल्पना दे. नाहीतर त्यांना वाटेल त्यांच्याकडे येऊन झालं.

---

नाचणी_सत्त्व

उद्या सकाळचीच वेळ घेतली आहे. आजी, धोतर मिळालं, आजेसासऱ्यांचं, पेटीत होतं. कडा शिवून घेऊ ना शिंप्याकडून? दोन पदरी दुमडून छान पक्क्या?

---

हर्णैची_आजी

दोन पदरी नको गो. जाड कड शेवटपर्यंत ओली राहते आणि बाळाला रुतते. शिंप्याला नुसतं इंटरलॉक मारायला सांग. आणि धोतराची काठाची पट्टी आधी कापून टाक, ती पाणी पीत नाही. तिचे झबल्याला बंद होतील.